'काही नाही' म्हणू नका

समाचाराला गेलेल्या बहिऱ्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. शेजारी आजारी पडल्याचं कळतं आणि बहिरा त्याला भेटायला निघतो. रोग्याचा क्षीण आवाज आपल्याला काही ऐकू यायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून वाटेतच तो सगळं संभाषण मनाशी जुळवून ठेवतो. आपण 'तब्येत कशी आहे?' विचारायचं, तो 'जरा उतार आहे' म्हणेल, मग आपण 'देवाची कृपा' म्हणायचं. प्रत्यक्षात रोगी कण्हत म्हणतो, 'मरायला टेकलोय.' बहिरा म्हणतो, 'देवाची कृपा! औषध कोणतं चालू आहे?' रोगी वैतागून म्हणतो, 'विष!' 'फार गुणकारी, सोडू नका. आणि वैद्य कोण?' 'यमराज!' 'मग काळजीच नको, त्यांच्या हाताला यश आहे.' इथपर्यंत ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळलेली असते. तेराव्या शतकातल्या मौलाना रूमींच्या 'मसनवी'तही ही गोष्ट आहे. म्हणजे निदान साडेसातशे वर्षं माणसं तिला हसत आली आहेत.

हसायला माझी हरकत नाही. गोष्ट आहेच गमतीची. पण स्वतःच्या कानांना यंत्रं लागल्यापासून तिच्यातल्या दोन बाबी मला फार जाणवतात. पहिली अशी, की हा माणूस मूर्ख मुळीच नाही. ऐकू येत नसतानाही शेजाऱ्याच्या समाचाराला जाण्याइतका तो भला आहे आणि जे ऐकू येणार नाही ते अंदाजाने भरून काढण्याइतका हुशार आहे. कमी ऐकू येणारा प्रत्येक माणूस दिवसभर हेच करत असतो. दुसरी बाब अशी, की त्या घरातलं कोणीही त्याच्या हाताला हात लावून 'अहो, ते तसं म्हणत नाहीत' असं सांगत नाही. सगळा दोष त्याच्या कानांवर टाकून गोष्ट मोकळी होते.

आपल्या घरांमधूनही पुष्कळदा असंच होतं. ऐकू न येणं ही त्या एकट्याची बाब, असं धरलं जातं. कानाचं मशीन आणून दिलं, की घराचं कर्तव्य संपलं. माझा नऊ वर्षांचा अनुभव मात्र असा आहे, की ऐकणं हे दोघांनी मिळून करायचं काम आहे. निम्मं काम यंत्र करतं. उरलेलं निम्मं बोलणाऱ्याने करायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. हे नीट पटावं म्हणून आधी कानात नेमकं काय होतं ते पाहू.

ऐकू येतं, पण उमजत नाही

मी पोस्टात नोकरीला होते. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांनी कानांची तपासणी झाली. बंद खोलीत बसवून, कानांवर हेडफोन लावून एकेक बारीक 'टीं' ऐकवतात; ऐकू आला की बटण दाबायचं. त्यातून कागदावर एक आलेख निघतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. डावीकडे खर्जातले जाड आवाज, उजवीकडे वरच्या पट्टीतले बारीक आवाज. माझी रेघ डावीकडे बरीचशी सपाट चालत होती आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली घसरली होती. वयोमानाने कमी झालेल्या ऐकण्याचा हा नेहमीचा नकाशा आहे.

या घाटाचा रोजच्या बोलण्यावर काय परिणाम होतो? आपल्या बोलण्यातले आ, ई, ऊ, ओ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. स, श, च, त, ट, फ, ख ही व्यंजनं बारीक आणि हलकी असतात. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांत असतो. उजवीकडचे आवाज गेले, की स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं गळतात. मग साठ, पाठ, काठ आणि आठ एकच होतात. सहा, दहा आणि चहा यांत फरक उरत नाही. भाजीवाली 'साठ रुपये' म्हणते आणि गिऱ्हाईक आठाची नाणी मोजायला लागतं. कोणीतरी बोलतंय हे कळतं, आवाज पुरेसा मोठाही वाटतो, पण शब्द हाती लागत नाही. म्हणूनच अशी माणसं 'मला ऐकू येतं, तूच नीट बोलत नाहीस' असं म्हणतात. ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच तसं ऐकू येत असतं.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात जन्मतः जेमतेम 15 हजारांच्या आसपास केशपेशी असतात. आवाजाची थरथर टिपून ती मेंदूकडे पाठवण्याचं काम या पेशी करतात. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. वय, वर्षानुवर्षांचा गोंगाट, स्ट्रेप्टोमायसिन-जेंटामायसिनसारखी काही औषधं ही त्याची नेहमीची कारणं. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात. माणसात गेलेली पेशी परत येत नाही.

याच झिजेमुळे घरोघरी एक भांडण होतं. आजोबा म्हणतात, 'जरा मोठ्याने बोल.' नातू आवाज चढवतो, की लगेच आजोबा डाफरतात, 'ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?' सगळ्यांना हा आजोबांचा हेकटपणा वाटतो. वास्तविक कानाची झीज झाली, की हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच, कधीकधी जास्तच टोचतात. 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्या मधली पट्टी अरुंद होते. ओरडल्याने मोठे होतात ते स्वर. हरवलेला 'स' ओरडून सापडत नाही. चेहरा मात्र रागावल्यासारखा दिसतो आणि तो समोरच्याला स्पष्ट दिसत असतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्याला दिसत नाही, ती म्हणजे थकवा. गळलेली अक्षरं संदर्भावरून, ओठांवरून, सवयीवरून भरत राहणं हे दिवसभर शब्दकोडं सोडवण्यासारखं आहे. संध्याकाळी लग्नाचा स्वागतसमारंभ करून आलेला असा माणूस घरी येऊन गप्प बसला, तर तो रुसलेला नसतो. दमलेला असतो.

चष्मा चालतो, मशीन का नको?

डोळे अधू झाले तर आपण 'चष्मा लागला' म्हणतो, 'आंधळा झाला' म्हणत नाही. कान अधू झाले, की मात्र थेट 'बहिरा झाला'. चष्म्याने माणूस विद्वान दिसतो आणि मशीनने म्हातारा, अशी आपली समजूत. खरं तर ही सोबत फार मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालच्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येतं आणि त्यांपैकी सुमारे 43 कोटींचं ऐकणं उपचारांची, यंत्राची गरज पडावी इतकं कमी झालेलं आहे. 2050 पर्यंत दीडशेचा हा आकडा अडीचशे कोटींच्या घरात जाईल, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे.

पण कमी ऐकू येऊ लागलं म्हणून थेट दुकानात जाऊ नये. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवावा. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की काम भागतं. कधी पडद्याला भोक असतं, कधी मधल्या कानातलं हाड आखडलेलं असतं. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर शस्त्रक्रिया होऊ शकते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर 'सर्दीने दडा बसला असेल' म्हणून आठवडाभर थांबू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा. अशा बहिरेपणावर सुरुवातीच्या काही दिवसांतच उपचारांचा उपयोग होण्याचा संभव जास्त असतो.

यंत्रांचा इतिहासही मोठा रंजक आहे. टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे. त्याच्या नावाच्या प्रयोगशाळेत 1947 साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तेव्हा बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रं बनवणाऱ्यांना त्याचं परवाना-शुल्क माफ करण्यात आलं. त्यामुळे लोकांच्या घरात ट्रान्झिस्टर रेडिओ येण्याच्याही आधी, 1952-53 च्या सुमारास, ट्रान्झिस्टर कानाच्या यंत्रात शिरला. खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत लोंबणारी वायर, हे चित्र आपल्याकडे पुष्कळ वर्षं दिसलं. 1996 साली पूर्णपणे डिजिटल आणि कानात किंवा कानामागे मावणारी यंत्रं बाजारात आली.

डिजिटल यंत्राचं वैशिष्ट्य असं, की ते सगळेच आवाज सरसकट मोठे करत नाही. तुमच्या ऑडिओग्रामचा घाट जिथे उतरतो तिथेच ते भर घालतं आणि फार मोठा आवाज आला तर आवरून धरतं. म्हणजे ते चष्म्याच्या नंबरासारखं ज्याचं त्यालाच लावून घ्यावं लागतं. वडील गेल्यावर त्यांचं मशीन तसंच उचलून आईच्या कानात बसवण्याची कल्पना आपल्याकडे पुष्कळांना सुचते. तसं करू नये. आवाज नुसता मोठा करणाऱ्या ज्या स्वस्त डब्या जाहिरातींतून विकल्या जातात, त्याही श्रवणयंत्रं नव्हेत.

किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत, हे खरं. पण सगळे मार्ग महाग नाहीत. मुंबईत वांद्र्याला 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना श्रवणयंत्रासारखी साधनं देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 साली सुरू झाली. महाराष्ट्र सरकारने 2024 साली 65 वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या नागरिकांना अशा साधनांसाठी एकरकमी 3000 रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्या त्या वेळचे नियम पाहून अर्ज करावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट असेल तर 'ऐकू कमी येणारा' आणि 70 किंवा त्याहून जास्त असेल तर 'कर्णबधिर' असं धरलं जातं. म्हणजे 50 डेसिबलचा माणूस कायद्याच्या मोजपट्टीत बसत नाही. पण जेवणाच्या ताटावर तोही एकटा पडलेला असू शकतो.

पहिले दोन महिने

यंत्र कानात घातलं, की चष्मा लावल्यासारखं लगेच सगळं लख्ख होईल, अशी अपेक्षा असते आणि तिथेच पुष्कळांचा विरस होतो. मेंदूला या आवाजांची सवय सुटलेली असते. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा वाजल्यासारखं वाटतं. प्लॅस्टिकची पिशवी, नळाची धार, स्वयंपाकघरातली ताटं-वाट्या, साडीच्या पदराची सळसळ, सगळं अंगावर येतं. कुकरची शिट्टी तर हृदयात धडकी भरवते. स्वतःचाच आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. या टप्प्यावर कित्येक यंत्रं कपाटात जातात आणि तिथेच राहतात.

यावर उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी लागते. पहिल्या आठवड्यात घरातच, शांत खोलीत, रोज दोन-तीन तास. समोर एकच माणूस. मग हळूहळू तास वाढवावेत, मग टीव्ही, मग दोन-तीन माणसं, मग रस्ता. लग्नाचा हॉल अगदी शेवटी. रोज अर्धा तास कोणाकडून तरी वर्तमानपत्र वाचून घ्यावं आणि स्वतः त्याच मजकुरावरून नजर फिरवावी. डोळ्यांनी दिसलेला 'स' कानाला पुन्हा ओळखीचा होत जातो. काय टोचतं, काय ऐकू येत नाही हे वहीत लिहून ठेवावं आणि ती वही घेऊन यंत्र लावून देणाऱ्याकडे दोन-तीनदा जावं. 'नीट ऐकू येत नाही' यापेक्षा 'भांडी टोचतात, नातीचं बोलणं कळत नाही' हे सांगितलं, की त्यालाही काय बदलायचं ते समजतं.

काही बारीकसारीक गोष्टी अनुभवानेच कळतात. शिट्टी वाजायला लागली, तर बहुतेक वेळा यंत्र कानात नीट बसलेलं नसतं किंवा कानात मळ असतो. छोट्या गोल सेलवरचा कागद काढला, की तो हवा घेऊन काम सुरू करतो. मिनिटभर थांबून मग तो यंत्रात घालावा. कागद पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. हे सेल मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. मुलाने गिळला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या घामात यंत्राला ओल लागते. रात्री सेलचं दार उघडं ठेवून यंत्र ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवावं. आंघोळीला जाताना ते काढायचं, हे घरातल्या आणखी एखाद्यालाही माहीत असावं. बायकांच्या बाबतीत अंबाडा, कुड्यांचा फिरकीचा मळसूत्र आणि चष्म्याची काडी यांच्या गर्दीतच त्याला जागा शोधावी लागते.

2020 साली त्या गर्दीत मास्कच्या दोऱ्याची भर पडली. मास्क काढताना यंत्र उडून रस्त्यावर पडल्याच्या हकिकती तेव्हा अनेकांनी सांगितल्या. पण मास्कने आणखी एक गोष्ट उघड केली. तोवर 'मला व्यवस्थित ऐकू येतं' म्हणणाऱ्या कितीतरी माणसांना एकाएकी दुकानदाराचं, डॉक्टरांचं बोलणं कळेनासं झालं. ती माणसं नकळत ओठ वाचत होती. डोळे कानाला किती मदत करतात पाहा. 'मामा' आणि 'नाना' कानाला सारखे वाटतात, पण 'मामा' म्हणताना ओठ मिटतात, 'नाना' म्हणताना मिटत नाहीत. उलट 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' ओठांवर अगदी एकसारखे दिसतात, तिथे कान निवाडा करतो. दोघं एकमेकांचे खड्डे भरतात. म्हणून बोलणाऱ्याचा चेहरा दिसणं हा ऐकण्याचाच भाग आहे.

'काही नाही हो, आई'

आता मूळ मुद्द्याकडे येते. जेवताना घरातले चौघे कशावरून तरी खळखळून हसतात. कमी ऐकू येणारा विचारतो, 'काय झालं?' कोणीतरी पुन्हा सांगतं. त्याला पुन्हा कळत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर येतं, 'काही नाही.' आमच्याकडे ते 'काही नाही हो, आई' असं येत असे, अगदी प्रेमाने. त्यात तुसडेपणा नव्हता. विनोद तिसऱ्यांदा सांगितला की त्यातली गंमत जाते, आणि गोष्ट तशी क्षुल्लकच असते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने 'काही नाही' हा विषय संपवण्याचा सोपा मार्ग असतो. विचारणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं, की काहीतरी होतं, ते सगळ्यांना मिळालं आणि आपल्याला मिळणार नाही. असं दिवसातून दहा वेळा झालं, की माणूस विचारणं सोडतो. मग घरचे म्हणतात, 'आताशा ती कशात लक्षच घालत नाही.'

नीट पाहिलं तर घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी कमी ऐकू येणाऱ्यापर्यंत पोहोचतातच. 'जेवायला चल', 'गोळी घेतलीस का?', 'दार लाव', 'बिल भरलं का?' हे सगळं ओरडून सांगितलं जातं. न पोहोचणारं असतं ते हळू आवाजातलं. शेजारणीच्या नव्या पडद्यांवरची टिप्पणी, पाहुणे गेल्यावरची कुजबूज, नवऱ्याने बायकोला जाता जाता मारलेला टोमणा, 'आज दमलीस का गं?' हा प्रश्न. हे कोणी ओरडून बोलत नाही, आणि ओरडून बोललं तर ते तेच राहत नाही. संसार चालतो तो 'बिल भरलं का?'वर, पण माणसं जवळ राहतात ती या फुटकळ बोलण्यावर. कान जातात तेव्हा आधी हे फुटकळ बोलणं जातं. ते गेलं आहे हे दोघांच्याही पुष्कळ दिवस ध्यानात येत नाही.

म्हणून एका रविवारी सगळ्यांना बसवून मी एकच मागणी केली. या घरात मला 'काही नाही' म्हणायचं नाही. वेळ नसेल तर 'नंतर सांगते' म्हणा आणि आठवणीने नंतर सांगा. आमचे हे म्हणाले, 'अगं, प्रत्येक फालतू गोष्ट पुन्हा सांगत बसायची?' मी म्हटलं, 'फालतूच सांगा. महत्त्वाची तुम्ही ओरडून सांगताच.'

पहिले काही दिवस सगळ्यांना कंटाळा आला, हे मला दिसत होतं. पण हळूहळू सवयी बदलल्या. सून बोलायच्या आधी 'आई' म्हणून हाक मारते आणि मी वळून पाहिल्यावर वाक्य सुरू करते. मुलगा पाठमोरा बोलत नाही. हे दुसऱ्या खोलीतून बोलायचे, ते आता उठून दारापर्यंत येतात आणि 'तुझ्या कानांपायी माझ्या गुडघ्यांना व्यायाम' असं वर ऐकवतात. तेही मला ऐकू येतं. सगळ्यांत लवकर शिकली ती नात. मध्यंतरी तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश सांगितलं, की गॅलरीतल्या कठड्यावर कावळा आला होता आणि त्याने तिचं बिस्किट नेलं. बातमी एवढीच होती. पण ती तिने माझ्यासाठी दुसऱ्यांदा सांगितली होती.

यातून जे नियम हाती आले ते कोणत्याही घरात चालतील. आधी नावाने हाक, मग वाक्य. अंतर दोन-तीन हातांचं. यंत्र कितीही भारी असलं तरी त्याचा खरा उपयोग जवळच्या बोलण्याला. चेहऱ्यावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. तोंडासमोर हात नको, तोंडात घास नको. आवाज नेहमीचाच ठेवावा, फक्त गती थोडी कमी. एकदा कळलं नाही, तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी शब्द बदलावेत. 'सहा वाजता' कळलं नाही तर 'संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी' कळतं. बोलायच्या वेळी टीव्ही आणि मिक्सर बंद. आणि एका वेळी एकानेच बोलावं, हे आपल्या मराठी घरांना सगळ्यांत अवघड.

ऐकणाऱ्याकडेही काम आहे. नुसतं 'आँ?' किंवा 'काय?' म्हटलं, की समोरच्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं आणि तो वैतागतो. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलं विचारावं. 'डॉक्टरांकडे जायचं ते कळलं, सहा वाजता की दहा?' आणि न कळता 'हो, हो' म्हणून मान डोलावण्यापेक्षा 'मला कमी ऐकू येतं, जरा इकडे पाहून बोलाल का?' हे वाक्य पाठ करून ठेवावं. पहिल्या दहा वेळा जीभ अडखळते. नंतर ते 'जरा सरकता का?' इतकं सहज होतं.

उंबऱ्याबाहेर

घराबाहेर हे वाक्यच उपयोगी पडतं. बँकेत नाव पुकारत असतील तर काउंटरवर आधीच सांगून ठेवावं, 'मला हाक ऐकू येणार नाही, हात करा.' एसटी स्टँडवर ध्वनिक्षेपकाच्या भरवशावर न राहता फलाटावरच्या माणसाला विचारावं. डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण लिहून घ्यावं. तिथे सहा आणि दहाचा घोळ परवडणारा नसतो. कार्यक्रमाला लवकर जाऊन पुढची खुर्ची धरावी. हॉटेलात भिंतीला पाठ करून बसावं, म्हणजे मागचा गोंगाट कमी होतो. दूर असलेल्या मुलांशी साध्या फोनपेक्षा चेहरा दिसणाऱ्या फोनवर बोलावं. बोललेलं अक्षरांत उमटवून दाखवण्याची सोय आता मोबाइलमध्ये मराठीतही आहे. ती चुका करते, पण नड भागवते. यंत्रानेही भागत नाही इतकं बहिरेपण असेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होऊ शकते का, हे डॉक्टरांना विचारावं.

या साऱ्याकडे आणखी एका कारणाने लक्ष द्यायला हवं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली. मध्यम वयातलं ऐकण्यातलं दुर्लक्षित व्यंग हे त्यातलं एक मोठं कारण आहे. यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, असं मात्र म्हणता येत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या 977 अमेरिकन वृद्धांच्या अभ्यासात सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण मात्र तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली. शास्त्राचं काम शास्त्र करील. पण माणूस बोलण्यातून बाहेर पडला, की तो हळूहळू सगळ्यातूनच बाहेर पडतो, हे आपण आपल्या आजूबाजूला पाहतोच.

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर त्यांच्या कानांची तपासणी या महिन्यातच करून घ्या. मशीन असून ते कपाटात असेल, तर बाहेर काढा, नवा सेल घाला आणि पुन्हा एकदा नीट लावून घ्या. आणि आज दुपारी जेवताना कशावरून तरी हशा पिकला आणि त्यांनी 'काय झालं?' म्हणून विचारलं, तर हातातला घास खाली ठेवा, त्यांच्याकडे तोंड करा आणि जे झालं ते सांगा. ते फारसं काही नसेलही. तरी सांगा.